आजोबांचा भूप तोडीत का निघतो?

ताई, सा. न.

मी सांगलीला राहते. मुलींच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. माझे आजोबा मुंबईच्या गांधर्व महाविद्यालयात शिकून मिरजेला आले आणि तिथल्या एका शाळेत गायनमास्तर म्हणून लागले. १९६१ साली ते गेले. वडीलही गायनाचेच शिक्षक. पेटीचे क्लास घ्यायचे, परीक्षांना मुलं बसवायचे. दोघांची मिळून एक पत्र्याची ट्रंक मिरजेच्या घराच्या माळ्यावर होती. दिवाळीनंतर घर पाडायला देतोय, म्हणून ती खाली काढली.

आत सतरा हस्तलिखित वह्या निघाल्या. शिवाय भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांचे काही भाग, ‘संगीत कला विहार’चे जुने अंक, ‘सौभद्र’, ‘मानापमान’, ‘स्वयंवर’ अशा नाटकांच्या पद्यावल्यांचा गठ्ठा आणि बरेच सुटे कागद. पुण्याचा धाकटा भाऊ म्हणतो, स्कॅन कर आणि कागद रद्दीत घाल. अमेरिकेतला भाचा म्हणतो, सगळं नेटवर टाकू, जगाला उपयोग होईल. एक संग्राहक येऊन बघून गेले. पद्यावल्या आणि छापील पुस्तकं मिळून पंचवीस हजार देतो म्हणाले. “वह्या तुमच्या तुम्हीच ठेवा,” असंही म्हणाले.

मला पेटी जेमतेम येते. कौतुकाने आजोबांची पहिली वही उघडली. वर लिहिलंय ‘राग भूप’. वडिलांनी शिकवलेल्या खुणांप्रमाणे वाजवून पाहिलं, तर भलतंच, रडवं काहीतरी निघालं. आजोबांनी चूक लिहिलंय की मी चूक वाचतेय? काही वह्यांत समासात ‘खाँसाहेब असे घेत नाहीत’ अशा नोंदी आहेत. एक वही मात्र वेगळ्याच, गोलसर अक्षरात आहे.

आजोबांची धाकटी मुलगी, म्हणजे माझी आत्या, इचलकरंजीला असते. वय ८६. तब्येत बरी आहे, पण वह्यांचा विषय काढला की “मला काही आठवत नाही बाई” म्हणून चहा टाकायला उठते. या ट्रंकेचं मी काय करू?

— एक निवृत्त शिक्षिका, सांगली

---

बाई,

(तीस वर्षं फळ्यासमोर काढलेल्या माणसाला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारायची!)

आजोबांनी चूक लिहिलेलं नाही. तुम्हीही नेमकं वाचलंत, फक्त दुसऱ्याच लिपीचे नियम लावून. तुमचं पत्र वाचून मी आधी हसले आणि मग पेटीवर बसून खात्री करून घेतली.

भूप म्हणजे सा रे ग प ध, पाचही शुद्ध. तुमचे आजोबा गांधर्व महाविद्यालयात शिकले, म्हणजे त्यांच्या हाताला ते विद्यालय काढणाऱ्या विष्णु दिगंबर पलुस्करांची स्वरलिपी, म्हणजे गाणं कागदावर उतरवायच्या खुणा. तिच्यात प्रत्येक स्वराच्या खाली त्याचा काळ लिहितात. एक मात्रा असेल तर आडवी रेघ, अर्धी असेल तर शून्य, पाव असेल तर छोटी वाटी. तुमचे वडील क्रमिक पुस्तकांवरून शिकवायचे, म्हणजे तुमच्या डोळ्यांना भातखंड्यांची लिपी. तिच्यात स्वराखालची आडवी रेघ म्हणजे कोमल, शुद्धापेक्षा उतरलेला स्वर! झालं. आजोबांनी ‘रे एक मात्रा, ग एक मात्रा, ध एक मात्रा’ असं लिहिलं आणि तुम्ही तिन्ही स्वर कोमल वाजवलेत. सा, कोमल रे, कोमल ग, प, कोमल ध हा तर चक्क भूपाल तोडी. रडवं वाटणारच. दिवेलागणीनंतरचा राग तुम्ही उचलून सकाळी नेऊन बसवलात.

पडताळा घ्यायचा असेल तर त्याच पानावर सा आणि प यांच्याखाली रेघ आहे का ते बघा. असणारच. आता सा आणि प हे अचल स्वर, त्यांना कोमल रूपच नाही. तेव्हा ती रेघ कोमलाची असणं शक्य नाही. तुमच्या दहावीच्या भूमितीत याला अप्रत्यक्ष सिद्धता म्हणतात.

गोंधळ एवढ्यावर थांबत नाही. भातखंडे मंद्र (खालच्या) सप्तकाला खाली टिंब देतात आणि तार (वरच्या) सप्तकाला वर. पलुस्करांकडे मंद्राचं टिंब वर असतं आणि तारेला डोक्यावर उभी रेघ. म्हणजे आजोबांचा खर्जातला धैवत तुमच्या हातून थेट तार सप्तकात उडाला असणार. भातखंड्यांच्या मध्यमावरची उभी रेघ म्हणजे तीव्र, चढा मध्यम. आजोबांच्या वहीत तीच तार सप्तकातला शुद्ध मध्यम होते. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, भातखंड्यांकडे गुणिलेच्या फुलीने दाखवतात आणि ‘खाली’, म्हणजे टाळी न वाजवायची जागा, शून्याने. पलुस्करांकडे समेला एकचा आकडा आणि ‘खाली’ला अधिकचं चिन्ह. कोमल स्वर आजोबा कसा लिहीत असतील? अक्षराचा पाय मोडल्यासारखी तिरकी काडी, हलंतासारखी. ती शोधा. भूपात ती सापडणार नाही. भैरव किंवा काफीचं पान काढा, म्हणजे दिसेल.

दोघांचंही नाव विष्णू, दोघंही मराठी, काळही एकच, आणि खुणा मात्र एकमेकांच्या अंगावर येणाऱ्या. भातखंडे मुंबईचे वकील. जिथे मिळेल तिथे जाऊन चिजा, म्हणजे रागांतल्या बंदिशी, गोळा करणारे, लिहून घेणारे, त्यांची वर्गवारी लावणारे. पलुस्कर कुरुंदवाडचे, मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले, १९०१ साली लाहोरला विद्यालय काढलं आणि १९०८ मध्ये मुंबईला. लहानपणी फटाक्याने त्यांची दृष्टी अधू झाली होती. कागदावर इतकी बारीक, प्रत्येक स्वराचा काळ वेगळा दाखवणारी लिपी अशा माणसाने बसवली, हे मला दर वेळी नवं वाटतं. भातखंड्यांची लिपी लिहायला सोपी, छापायला सोपी. एका मात्रेतले स्वर खाली एका कमानीत घेतले की काम झालं. परीक्षांना मुलं बसवणारा शिक्षक त्या बाजूला सरकला तर नवल नाही. तुमच्या सतरा वह्यांत कुठेतरी तो सरकण्याचा क्षण असणार. एखाद्या वहीत पहिली वीस पानं एका लिपीत आणि पुढची दुसऱ्या, एखाद्या पानावर दोन्हींची खिचडी. ते पान सापडलं तर मला जरूर कळवा. दोन्ही लिप्यांच्या खुणांचा एक तक्ता करा, पण तो वहीला चिकटवू नका, वेगळा ठेवा.

आता संग्राहक. गृहस्थ प्रामाणिक दिसतात. वह्या नको म्हणाले, म्हणजे ते छापील वस्तूंचे ग्राहक आहेत, संगीताचे नव्हेत. क्रमिक पुस्तकं हवीत तर द्या, समासात कुणाचं अक्षर नसेल तर. मुळात मराठीत निघालेले ते सहा भाग पुढे हाथरसहून हिंदीत आले आणि आजही मिळतात. ‘संगीत कला विहार’ १९४७ पासूनचं मासिक. एखादा अंक तुमच्याकडून गेला म्हणून तो जगातून जात नाही. पद्यावल्यांचं मात्र तसं नाही. त्या देण्याआधी प्रत्येकीचं पान न् पान उलटून बघा.

का ते सांगते. पद्यावलीत स्वर नसतात. असतात ते पदाचे शब्द आणि वर बारीक टाइपात एक ओळ: राग अमुक, ताल अमुक, चाल तमुक. १८८२ च्या ‘सौभद्र’च्या वेळी अण्णासाहेब किर्लोस्करांनी साकी-दिंडीसारखी जुनी वृत्तं तर घेतलीच, कानडी मुलखातल्या चालीही घेतल्या. त्या काळच्या प्रेक्षकाला ‘चाल अमक्या गाण्याची’ एवढं पुरे. मूळ गाणं त्याच्या कानात असायचं. आज ते मूळ गाणंच आपल्या कानात नाही. किल्लीवर नंबर कोरलेला आहे, कुलूप कुठे गेलं कुणाला ठाऊक. ‘मानापमान’ १९११ चं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. ‘स्वयंवर’ १९१६ चं, चाली भास्करबुवा बखल्यांच्या. यांतल्या गाजलेल्या पदांच्या ध्वनिमुद्रिका मिळतात. पण जुनी तबकडी एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांची, शिवाय आडबाजूची पदं कुणी भरली नाहीत. तुमच्या आजोबांसारखा शिकलेला माणूस नाटक बघून आला आणि त्याने ‘चाल’ या शब्दाशेजारी पेन्सिलीने मुखड्याचे चार स्वर टिपून ठेवले असतील, तर ती पद्यावली पंचवीस हजारांच्या गठ्ठ्यातली राहत नाही. कोऱ्या करकरीत, एकही खूण नसलेल्या प्रती विकायला माझी हरकत नाही. घर पाडायच्या गडबडीत पैसे लागतात, त्यात लाज कसली!

भावाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. स्कॅन कराच. फक्त ‘रद्दी’ हा शब्द त्याने दोन वर्षं उच्चारू नये, एवढं माझ्या वतीने सांगा.

पण स्कॅन हे काम दुसऱ्या नंबरचं आहे. पहिल्या नंबरचं काम इचलकरंजीला, ८६ वर्षांचं, तुम्ही विषय काढला की चहा टाकायला उठतंय.

स्वरलिपी चिजेचा सांगाडा दाखवते. भीमपलासातला कोमल गंधार आणि दरबारीतला कोमल गंधार कागदावर एकच: ग आणि त्याची कोमलाची खूण. गाताना? दरबारीतला गंधार मुळात खालचा, डोलत डोलत लागणारा, एका जागी उभा न राहणारा. तो डोल कसा लिहिणार? मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं), कण (शेजारच्या स्वराचा नुसता स्पर्श), श्वास कुठे घ्यायचा, सम बोलाच्या कुठल्या अक्षरावर कशी अलगद ठेवायची, लय किती, यातलं फारच थोडं लिहिता येतं. आजोबांनी ते लिहिलं नाही कारण गरज नव्हती. वही त्यांच्यासाठी आठवणीला आधार होती, बाकीचं गळ्यात होतं. वडिलांच्या गळ्यातलं गेलं. आत्या आजोबांच्या हयातीत बावीस वर्षांच्या झाल्या होत्या. मास्तरांच्या घरात वाढलेल्या मुलीने रोज संध्याकाळी त्या वर्गाबाहेरून का होईना, हे सगळं ऐकलेलं आहे. कागद अजून पन्नास वर्षं टिकवता येईल; ते कसं, ते पुढे सांगते. आत्यांच्या बाबतीत मला असं काही लिहिता येत नाही.

तर त्यांना बोलतं कसं करायचं? “आत्या, आठवतंय का?” असं विचारू नका. ते तोंडी परीक्षेसारखं होतं आणि “नाही आठवत” हे त्याचं सगळ्यात सोपं उत्तर. तुम्ही चुकीचं म्हणा. खरंच. वही समोर धरून तो भूप तुमच्या त्या तोडीच्या स्वरांत मोठ्याने म्हणा. ज्या माणसाने लहानपणी एखादी चीज शंभरदा ऐकली आहे, त्याला ती चुकलेली सहन होत नाही. चहाचं पातेलं गॅसवर ठेवून त्या स्वयंपाकघरातूनच ओरडतील, “अगं, शुद्ध ग!” तिथून पुढे तुम्ही शिष्या आणि त्या गुरू, आणि गुरूला ‘आठवत नाही’ म्हणण्याची सोय नसते.

फोनवर रेकॉर्डिंग करा, पण चोरून नको, सांगून करा. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला तारीख, वहीचा क्रमांक आणि पान मोठ्याने बोला, नाहीतर तीन महिन्यांनी चाळीस फाइलींतली कुठली कशाची ते कळणार नाही. सकाळची वेळ धरा, पाऊण तासाच्या वर बसू नका. गाण्याचा आग्रह नको. गुणगुणलं, टाळी वाजवून ताल दाखवला, नुसतं “इथे जरा थांबायचं” म्हटलं तरी पुष्कळ. आणि मधेच त्या मिरजेच्या घरातल्या कुणा पाहुण्याची गोष्ट सांगायला लागल्या तर “आत्या, ते राहू दे, राग सांग,” असं म्हणू नका. समासातल्या ‘खाँसाहेबां’चा उलगडा त्या गोष्टीतच होईल. त्या काळच्या मिरजेत कुणी नुसतं ‘खाँसाहेब’ लिहिलं की मन अब्दुल करीम खाँकडेच धावतं. त्यांचं मिरजेशी नातं सर्वांना माहीत आहे, १९३७ साली ते गेले. पण मोह आवरा. मास्तरांच्या ओळखीचे खाँसाहेब आणखीही कुणी असतील. आधी वहीवर तारखा शोधा, मग आत्यांना विचारा, आणि तोवर कुणालाही फोन करून “आमच्याकडे करीम खाँसाहेबांच्या गायकीच्या नोंदी आहेत” असं सांगू नका. अशी बातमी एकदा सुटली की परत येत नाही.

आत्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, ती तुम्हाला कदाचित आवडणार नाही. आजोबा १९६१ मध्ये गेले आणि मृत्युपत्र नसेल, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्यांच्या स्वकष्टाच्या चीजवस्तूंत मुलीचा वाटा मुलाइतकाच. म्हणजे आजोबांच्या वह्यांत तुमच्या वडिलांचा जेवढा हक्क होता, तेवढाच आत्यांचा आहे. रद्दी, विक्री, नेट यांवर तुम्ही, भाऊ आणि भाचा बोलताय. मालकीणबाई चहा करताहेत. कोर्टकचेरीसाठी हे सांगत नाही. “आत्या, ही ट्रंक तुमचीही आहे, काय करू या?” हा प्रश्न त्यांना गेल्या साठ-पासष्ट वर्षांत कुणी विचारला असेल, असं तुमच्या पत्रावरून वाटत नाही. विषय काढला की त्या का उठतात, त्याचं कारण कदाचित विस्मरण नसेलही.

भाच्याला नेटवर टाकायची घाई आहे, त्याच्यासाठी थोडा कायदा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क चालतो. पलुस्कर १९३१ साली गेले, भातखंडे १९३६ साली. त्यांच्या स्वतःच्या लेखनाची मुदत केव्हाच संपली. परंपरेने आलेल्या चिजांवर तुमचा हक्क नाही आणि इतर कुणाचाही नाही. पण आजोबांनी स्वतः बांधलेल्या चिजा असतील आणि त्या कुठे छापल्या नसतील, तर हिशेब बदलतो: लेखकाच्या हयातीत अप्रकाशित राहिलेल्या कृतीची साठ वर्षं ती पहिल्यांदा प्रकाशित होते त्या वर्षापासून मोजतात. म्हणजे भाच्याने कळ दाबली की घड्याळ सुरू, आणि हक्क सगळ्या वारसांचा. वडिलांच्या रचना असतील तर त्यांचाही असाच विचार करा. मासिकांतले लेख आणि नोटेशनं ज्यांची त्यांची. लेखक जाऊन साठ वर्षं झालेली नसतील तर ती चढवू नयेत.

जाता जाता एक गंमत. १९५७ च्या मूळ कायद्यात ‘संगीतकृती’ची व्याख्याच अशी होती की चाल कागदावर उतरलेली हवी. नुसत्या गळ्यातल्या चालीला कायद्याच्या लेखी अस्तित्वच नव्हतं. १९९४ च्या दुरुस्तीत ती अट गेली. वहीत खुणा करत बसणारे आपले गायनमास्तर त्या अर्थाने कायद्याच्या पुढे होते म्हणायचे.

आता कागद. तुमच्या वह्यांचा कागद बहुधा लाकडाच्या लगद्याचा, आंबटपणा धरणारा. म्हणून तो पिवळा पडतो आणि कडा मोडतात. लॅमिनेशन करू नका. हे मी पोथीतलं ज्ञान सांगत नाहीये. आमच्या घरी वडिलांच्या शिकवणीच्या वहीची बारा पानं मी हौसेने लॅमिनेट करून आणली होती. आज ती आतल्या आत तपकिरी झाली आहेत आणि उष्णतेने चिकटलेलं ते प्लास्टिक सोडवायला गेलं तर शाई त्याच्याबरोबर निघते. सेलोटेपही नको. गंजलेल्या टाचण्या आणि स्टेपलच्या पिना हलक्या हाताने काढा. ओढू नका, एकेक टोक सरळ करून काढा. धूळ कोरड्या मऊ ब्रशने. ओलं फडकं कधीच नाही, आणि त्याला खास कारण आहे: जुन्या वह्यांत जांभळी कॉपिंग पेन्सिल असते. कोरडी असताना ती साध्या पेन्सिलीसारखी करडी दिसते, पाणी लागलं की जांभळी होऊन पसरते. एका पुसण्यात आख्खा अंतरा जाईल.

डांबराच्या गोळ्या कागदावर टाकू नका. प्रत्येक वही धुतलेल्या, खळ काढलेल्या सुती कापडात गुंडाळा. पोथ्या बासनात बांधायची आपली पद्धत चांगलीच होती, कापड हवा येऊ देतं. प्लास्टिकच्या हवाबंद पिशव्या पावसाळ्यात घात करतात, आतली ओल आतच राहते. ट्रंक जमिनीवर आणि बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवू नका. वाळवीची वाट भिंतीतूनच येते. कसर लागलेली वही बाकीच्यांपासून वेगळी ठेवा आणि महिन्यातून एकदा उघडून बघा. पानांचे तुकडे पडत असतील तर घरी चिकटवाचिकटवी न करता कागद-संवर्धन करणाऱ्या माणसाला दाखवा. बाकी काही नाही केलंत तरी चालेल.

स्कॅन करताना मुखपृष्ठ, मलपृष्ठ, कोरी पानं, आत दुमडलेल्या चिठ्ठ्या, सगळं घ्या. गायनमास्तरांच्या वहीच्या मागच्या पानावर काय काय असतं म्हणून सांगू! फीचा हिशेब, कोणत्या मुलाने महिना बुडवला, तबल्याच्या शाईला किती लागले, मेळ्याच्या पदांची यादी. शाळेत गाणं कसं शिकवत होते हे कुणाला अभ्यासायचं असेल तर त्याला चिजांपेक्षा हीच पानं जास्त सांगतील. तीनशे डीपीआय पुरे. बारीक पेन्सिलीच्या नोंदी असतील तिथे चारशे ठेवा. वह्यांना एक ते सतरा क्रमांक द्या, पण वहीवर नाही, कापडाला चिठ्ठी बांधा. हे काम तुमच्या जुन्या विद्यार्थिनींपैकी दोघी आनंदाने करतील. पोह्यांचं आमिष पुरतं.

शेवटी कागद कुठे द्यायचे हा प्रश्न येईलच. आत्ता तो सोडवायची घाई नको. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचा तुमच्या मिरजेशी जुना संबंध आहे. जुनी छापील मराठी पुस्तकं आणि पद्यावल्या असतील तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ पासूनचं. ध्वनिमुद्रणांसाठी गुरुग्रामला लोकसंगीत आणि शास्त्रीय संगीताचं एक संग्रहालय आहे, १९८२ साली स्थापन झालेलं, अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं; आत्यांचं रेकॉर्डिंग चांगलं झालं तर तिथे विचारून बघायला हरकत नाही. कुठेही द्या, पण आधी जाऊन त्यांच्याकडे पूर्वी आलेला असाच एखादा संग्रह दाखवायला सांगा. तो दहा मिनिटांत टेबलावर आला तर ठीक. “कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे आहे ते रजेवर आहेत,” असं उत्तर आलं तर नमस्कार करून बाहेर पडा. संग्रह फोडणार नाही, यादी करू आणि घरच्यांना हवं तेव्हा बघू देऊ, हे दानपत्रात लेखी घ्या.

हे सगळं घर पाडायच्या आधी उरकायला हवं असं नाही. ट्रंक सांगलीला आणा, बस. मिरज-सांगली अंतर ते काय!

आणि इचलकरंजीला जाताना सतराही वह्या नेऊ नका, घाबरवाल त्यांना. एकच न्या, ती गोलसर अक्षराची. मी ती पाहिलेली नाही, तेव्हा पैज लावत नाही. पण त्या काळी मास्तरांच्या घरात वह्या उतरवून काढायचं काम कुणाकडे असायचं, तुम्हीच विचार करा. मुलगे शाळा-क्रिकेटला, बायको चुलीपाशी, आणि अक्षर चांगलं म्हणून एखाद्या मुलीला दुपारी बसवलेलं. कदाचित तिला त्या चिजा लिहायला मिळाल्या असतील, गायला नाही. कदाचित यातलं काहीच नसेल. वही त्यांच्या हातात द्या, पहिलं पान स्वतः उघडू नका, त्यांना उघडू द्या. त्या दिवशी रेकॉर्डिंग नाही झालं तरी चालेल.

झालंच, तर फोनवर तानपुऱ्याचं ॲप असतं, ते घेऊन जा. कुठल्या पट्टीत लावायचं ते मात्र त्यांना विचारा. तुम्ही सवयीने काळी चार लावाल, आणि या वयात आवाज दोन-तीन सूर तरी खाली उतरलेला असतो.